आठ नंबरचा कप्पा

ऑफिसात त्याला सगळे कोंबडा म्हणायचे, आणि तोही मुकाट ओ द्यायचा. नाव पडलं होतं कामावरून. चौकात सिग्नलचा खांब असतो आणि खांबाशेजारी फुटपाथवर एक राखाडी पेटी असते. तिला टेकून लोक फोनवर भांडतात आणि कुत्री तिच्यापाशी आपलं काम उरकून घेतात. त्या पेटीच्या पोटातलं कार्ड बनवणारी ही कंपनी. वीज जाऊन परत आली की कार्डावरचा प्रोसेसर डोळे उघडतो, आणि त्या पहिल्या क्षणी आपण कोण, कुठले, कशासाठी उठलो, यातलं त्याला काही म्हणजे काही ठाऊक नसतं. त्याला गदागदा हलवून उठवणारा, ‘ही तुझी मेमरी, हे तुझं घड्याळ, हे दिवे, आता लाग कामाला’ असं सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला बूटलोडर म्हणतात. तो लिहायचं काम याच्याकडे होतं. सगळ्यांना उठवायचं आणि मग दिवसभर कुणी आपलं नाव काढायचं नाही, अशी ही नोकरी. म्हणून कोंबडा.

लाल-हिरव्याचा मोठा प्रोग्रॅम वेगळे लोक लिहायचे. पण तो जागा होईपर्यंत चौकात पिवळा दिवा उघडझाप करत राहतो ना, तेवढी उघडझाप मात्र याच्या हातची. लोकांच्या लेखी त्याचा अर्थ ‘सिग्नल बिघडलाय, घाला गाडी’ एवढाच. हा मात्र वीज जाऊन आली की रस्त्यात थांबून बघायचा. मागून लोक हॉर्न वाजवायचे, शिव्या द्यायचे. हा बघून घ्यायचा आणि मगच पुढे सरकायचा.

राहायला तो थोरल्या बहिणीकडे होता, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. लग्न केलं नव्हतं. बहिणीनं पुष्कळ दिवस मुली दाखवून पाहिल्या. दर वेळी हा चहा पिऊन यायचा आणि म्हणायचा, “चांगली आहे.” आणि पुढे काही नाही. शेवटी बहिणीनं नाद सोडला. “आमच्या बंधुराजांना चहा आवडतो, मुलगी नाही,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

एकदा बहिणीनंच त्याला विचारलं होतं, “तू नेमकं करतोस तरी काय रे दिवसभर? परवा फोनवर कुणाशी तरी तावातावानं भांडत होतास. रजिस्टर, रजिस्टर! हजेरी घेतोस का तिथं सगळ्यांची?”

“ते रजिस्टर नव्हे गं. प्रोसेसरच्या अगदी हाताशी बारा-पंधरा कप्पे असतात. बेरीज करायची, काही उचलायचं, ठेवायचं, तर आधी या कप्प्यात यावं लागतं. त्यांना रजिस्टर म्हणतात.”

“मग त्यात भांडण्यासारखं काय आहे?”

“एक कप्पा राखून ठेवायचा असतो. कुठला, यावर भांडण.”

बहिणीचा चेहरा कोराच राहिला. मग यानं तिला घर बदललेला दिवस सांगितला. ही दोघं लहान असताना एका दिवसात सगळं बिऱ्हाड हललं होतं. सामान खोक्यांत, कपाटं उलटी, टेबल टेम्पोत. एक वस्तू ठेवायला जागा नाही, आणि ठेवली तर सापडण्याची शाश्वती नाही. आईनं नव्या घराची किल्ली डाव्या मुठीत धरली होती ती दिवसभर सोडली नाही. भांडी उचलली उजव्या हातानं, याला धपाटा घातला उजव्या हातानं, टेम्पोवाल्याशी हुज्जत घातली तीही उजवाच हात नाचवून. वडील म्हणाले, “खिशात टाकतो, आण इकडं.” आई म्हणाली, “तुमचा खिसा कुठाय ते तुम्हाला तरी ठाऊक आहे का?”

“तसंच असतं हे,” तो म्हणाला. “प्रोसेसर उठतो तेव्हा मेमरी अजून झोपलेली असते. काही लिहून ठेवायला जागा म्हणावी तर नखाएवढी. त्यात घड्याळ किती वेगानं चालतं, मेमरी किती आहे, असल्या सगळ्यांना लागणाऱ्या चार गोष्टी मांडायच्या, आणि त्या कुठं मांडल्यात त्याचा पत्ता एका कप्प्यात घट्ट धरून ठेवायचा. पुढं मेमरी जागी झाली की सगळं बिऱ्हाड तिकडं हलतं. तेव्हा कप्प्यात नवा पत्ता येतो. पण विचारायचं ते त्याच कप्प्याला. बाकी कुणी त्याला हात लावायचा नाही.”

“म्हणजे एक हात कायमचा अडकला,” बहीण म्हणाली.

“हो. तेवढं होतं.”

“आईच्या हाताला संध्याकाळी किल्लीचा वळ उठला होता,” बहीण म्हणाली, आणि उठून दूध बघायला गेली.

तर भांडण. ते सुरू केलं होतं हेडबाईनं.

हेडबाई वयानं याच्याएवढीच होती. पण दुसऱ्याचा प्रोग्रॅम कागदावर छापून घ्यायचा आणि लाल पेनानं चुका दाखवून टेबलावर ठेवायचा, ही तिची सवय, म्हणून हेडबाई. पहिल्या दिवशी यानं तिला “मॅडम” म्हटलं, तर ती म्हणाली, “मॅडम काय? वर्ग भरलाय का? तू म्हण.” पहिल्या कार्डाचा बूटलोडर दोघांनी मिळून लिहायचा होता. खिडकीशी टेबल, टेबलाला दोन खुर्च्या, त्यातली एक डगमगणारी. जो उशिरा येईल त्यानं डगमगणारीवर बसायचं असं ठरलं, आणि तेव्हापासून हा वेळेवर येऊ लागला. नंतर ती वेळेवर येऊ लागली. मग हा मुद्दाम उशिरा येऊ लागला.

सगळ्यांसाठी राखायचा कप्पा कुठला, हा प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली, “आठ नंबर.”

हा म्हणाला, “नऊ.”

“नऊ नंबर दुसऱ्याच्या नावावर आहे. नियमात लिहिलंय की खास कामासाठी तो मागून घेता येतो. उद्या कुणी येऊन मागितला तर? आठ नंबरवर कुणाचाच हक्क नाही.”

“अगं, म्हणूनच तर! नऊ नंबर राखीव असू शकतो हे सगळ्या जगाला माहीत आहे, त्यामुळे शहाणा माणूस त्याच्या वाटेला जात नाही. आठ नंबर आपण राखलाय हे फक्त आपल्याला माहीत. बाहेरचा कुणी आला तर खुशाल येऊन बसेल.”

“बाहेरचं कोण येणार आहे? सगळं तर आपणच लिहितोय.”

“आज लिहितोय.”

“कोंबड्या, तुला उद्याची फार काळजी.”

हे भांडण मग रोजचं झालं. चहाला आठ की नऊ, जिन्यात आठ की नऊ. बाकीच्यांनी पैजा लावल्या. ती भांडायला लागली की केस मागं सारून पेन कानावर खोचायची, आणि हा ते पेन बघता बघता आपला मुद्दा विसरायचा. लिहिताना शेवटी आठ नंबरच लिहिला गेला. कंपायलरला, म्हणजे माणसानं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवून देणाऱ्या प्रोग्रॅमला, तशी ताकीद दिली गेली: आठ नंबरला हात लावायचा नाही. यानं विरोध केला, पण आपला तोंडदेखला. हरण्यात त्याला तोटा दिसत नव्हता. उद्या सकाळी परत भांडता येणारच होतं.

ऑफिसात हेडबाईनं एक नियमही लावून दिला होता. ज्यानं ओळ लिहिली, त्याला विचारल्याशिवाय ती ओळ हलवायची नाही. माणूस सुट्टीवर असेल तर थांबायचं. आजारी असेल तर फोन करायचा, पण विचारायचंच. त्यामुळे कामं रखडायची आणि साहेब कपाळाला हात लावायचे, पण नियम टिकला.

आणि मग एक दिवस तिला लांबची नोकरी लागली. लांबची म्हणजे इथं दिवस असला की तिथं रात्र, एवढी लांबची. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून तिला एक बॅग दिली. भाषणं झाली. यानं सगळे पांगल्यावर जिन्यात तिला गाठलं. ती बॅग घेऊन दोन पायऱ्या खाली, हा दोन पायऱ्या वर. काय बोलायचं ते आदल्या आठवड्यापासून घोकलेलं होतं. तोंडातून निघालं ते असं:

“तरी पण नऊ नंबरच बरोबर होता.”

ती थांबली. बॅग खाली ठेवली. वर बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिली. हाही बघत राहिला. खालून कुणी तरी जिन्याचा दिवा लावला.

“एवढंच?” ती म्हणाली.

“एवढंच म्हणजे... हो. नऊ नंबर.”

“मग बदल मी गेल्यावर. मी थोडीच बघायला येणारे,” असं म्हणून तिनं बॅग उचलली आणि खाली उतरली. डगमगणारी खुर्ची त्यानंतर पुष्कळ दिवस तशीच होती. मग फर्निचरवाले घेऊन गेले.

त्यानं आठ नंबर बदलला नाही. त्याची पुढची करामत तर ऑफिसात दंतकथा झाली होती. नवा कुणी कामाला लागायचा, बूटलोडर वाचायचा आणि उत्साहानं यायचा: “सर, इथं आठ नंबर का वापरलाय? नऊ नको का?” कोंबडा पाणी पिऊन, खुर्ची सरकवून, एकेक मुद्दा काढायचा. नऊ नंबर दुसऱ्याच्या नावावर आहे. नियमात लिहिलंय. उद्या कुणी येऊन मागितला तर? हेडबाईनं मांडली नसेल इतकी बिनतोड बाजू तो मांडायचा, आणि नव्या माणसाला निरुत्तर करून घरी पाठवायचा. पेन कानावर खोचायची सवयही त्याला केव्हा लागली कुणास ठाऊक. असं एक तप उलटून गेलं. कार्डं बदलली, प्रोसेसर बदलले, पिवळ्याची उघडझाप जास्त झटपट झाली. आठ नंबर आपल्या जागी होता. शहरातल्या चौकाचौकांतल्या पेट्यांत, दर वेळी वीज आली की, एक मूठ घट्ट मिटायची आणि त्या मुठीत तिनं निवडलेला कप्पा असायचा. हे ठाऊक असलेला माणूस शहरात एकच होता, आणि तो भर रस्त्यात थांबून हॉर्न खायचा.

नवं कार्ड आलं ते थंडीत. याच्यातली मेमरी वेगळ्या जातीची होती. तिला जागं करण्याचा प्रोग्रॅम चिप विकणाऱ्यांनीच तयार करून दिला होता, तोही बंद डब्यासारखा. आत काय चाललंय ते दिसत नाही. हाक मारायची, तो मेमरी उठवतो, आणि झालं की परत येतो. कार्ड टेबलावर छान चाललं. चौकात नेऊन लावलं, तिथंही दुपारभर छान चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारठ्यात वीज गेली, आली, आणि पेटी उठलीच नाही. पिवळाही नाही. चारी बाजूंच्या गाड्या चौकाच्या मधोमध नाकाला नाक लावून उभ्या. ट्रॅफिक पोलीस शिट्टी फुंकून फुंकून लाल झाला होता. सिग्नलचा लाल तेवढाच म्हणायचा.

साहेबांनी कार्ड परत मागवलं. टेबलावर लावलं, तर शहाण्या मुलासारखं उठलं.

“घरी आलं की ताप उतरतो,” फोड्या म्हणाला. फोड्या टेस्टिंगचा. नीट चाललेली वस्तू फोडून दाखवायचा त्याला पगार होता, आणि तो पगाराला जागायचा. त्यानं कार्ड उचललं आणि ऑफिसच्या फ्रिजमध्ये लोकांच्या डब्यांच्या मधे ठेवून दिलं. वायर दारातून बाहेर काढली, दाराला चिकटपट्टी लावली.

“अरे माझं दही आहे त्यात!” हिशेबाच्या टेबलावरच्या बाई ओरडल्या.

“दह्याला काही होत नाही, ते बूट होत नसतं,” फोड्या म्हणाला.

कार्ड गार झालं. वीज दिली. ढिम्म.

मग कोंबडा बसला. तीन-चार दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. बंद डबा उघडता येत नसला तरी तो यंत्राच्या भाषेत वाचता येतो. ओळ ओळ उलगडत, दगड फोडल्यासारखा. वाचता वाचता एका दुपारी तो थांबला आणि हातातला चहा तसाच गार होऊ दिला. डब्यातला प्रोग्रॅम आठ नंबरचा कप्पा वापरत होता. खुशाल. कंपायलरला दिलेली ताकीद आपण उतरवलेल्या ओळींपुरती. हा डबा तयार होऊन आलेला, त्याला कोण सांगणार? पाहुणा तसा सभ्य होता. आल्याबरोबर आठ नंबरमधला पत्ता बाजूला ठेवायचा, आपलं सामान तिथं मांडायचा, आणि जाताना सगळं होतं तसं परत लावायचा. म्हणून एरवी कळायचंच नाही. पण मेमरी गारठलेली असली की पहिल्या हाकेला उठायची नाही. मग पाहुणा मधेच बूटलोडरला हाक मारायचा, ‘जरा थांबायचं आहे, तेवढा वेळ मोजा.’ वेळ मोजायचं काम याच्या प्रोग्रॅमचं. ते घड्याळाचा वेग बघायला भाबडेपणानं आठ नंबर उघडायचं, आणि आत पाहुण्याचं सामान. पत्ता म्हणून भलतंच काही तरी धरून ते चालू लागायचं आणि खड्ड्यात जायचं.

डब्याबरोबर आलेल्या माहितीत एक ओळ साधी सरळ होती: आम्ही नऊ नंबरला हात लावत नाही. आजवर कुणी ती वाचली नव्हती. नऊ नंबरशी कुणाला देणंघेणंच नव्हतं.

तो जिंकला होता. एका तपानंतर, शब्दन् शब्द, जसं म्हटलं होतं तसं. बाहेरचा आला होता आणि खुशाल बसला होता. कोंबड्यानं मान वर करून आजूबाजूला बघितलं. फोड्या दह्याच्या डब्यावरून बाईंची समजूत काढत होता. खिडकीशी नव्या लोकांची टेबलं होती. सांगायचं कुणाला?

संध्याकाळपर्यंत त्यानं उपाय केला. आठ नंबर न सोडता. पाहुण्यानं मधेच हाक मारली की दारातच त्याचं सामान उचलून बाजूला ठेवायचं, आपला पत्ता आठ नंबरमध्ये परत घालायचा, वेळ मोजायचा, आणि पाहुण्याचं सामान पुन्हा जसंच्या तसं मांडून ठेवायचं. फ्रिजमध्ये कार्ड उठलं. पिवळा दिवा डब्यांच्या मधोमध उघडझाप करू लागला.

फोड्यानं वाचलं आणि डोकं खाजवलं. “चालतंय. पण हे काय रे? दारावर पहारेकरी बसवलाय. उद्या डब्याची नवी आवृत्ती येईल, तो दुसऱ्या कुठल्या खिडकीतून हाक मारेल. मग तिथं दुसरा पहारेकरी?”

“बसवीन.”

“आणि मी प्रत्येक खिडकी फ्रिजमध्ये घालून बघत बसू? त्यापेक्षा नऊ नंबर घे ना. एक आकडा बदलायचाय.”

“नऊ नंबर दुसऱ्याच्या नावावर...”

“कोंबड्या.” फोड्यानं आवाज खाली आणला. “परवा ज्या चौकात कार्ड मेलं, तिथून माझी पोरं शाळेत जातात. तू मला तुझ्या तोंडानं सांग, आठ बरोबर की नऊ? हेडबाईच्या नको, तुझ्या.”

कोंबड्यानं कानावरचं पेन काढलं, टेबलावर ठेवलं, पुन्हा कानावर खोचलं.

“नियम आहे,” शेवटी तो म्हणाला. “ओळ ज्याची, त्याला विचारायचं.”

“ती गेली त्याला किती वर्षं झाली!”

“माणूस सुट्टीवर असेल तर थांबायचं, असं आहे.”

“सुट्टी!” फोड्या हसला, आणि मग हसायचा थांबला. “विचार बाबा. विचारून टाक एकदाचं.”

साहेबांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली.

घरी त्यानं बहिणीला सांगितलं. बहीण कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या तशाच टाकून ती त्याच्यासमोर बसली. “म्हणजे इतकी वर्षं तू तिच्याशी बोलला नाहीस, आणि आता बोलणार ते कप्प्यांबद्दल?”

“दुसरं काय बोलू?”

“अरे देवा,” बहीण म्हणाली. “कशी आहेस, हे दोन शब्द तरी लिहिशील का?”

तिचा फोन नंबर फोड्यानं कुणाकडून तरी मिळवला. यानं मोबाइलवर लिहायला घेतलं. आधी लांबलचक लिहिलं: मेमरी, डबा, थंडी, पाहुणा. मग वाटलं फार कामाचं झालं, म्हणून खिडकीजवळच्या टेबलाबद्दल लिहिलं. मग तेच फार झालं असं वाटून खोडलं. खोडता खोडता उरलं ते एवढं: ‘मी कोंबडा. आठ नंबर अजून आहे. नव्या कार्डात बाहेरचा प्रोग्रॅम येऊन आठ नंबरवर बसतो. नऊ करावा लागेलसं दिसतं. तुझी ओळ आहे म्हणून विचारतोय. कशी आहेस?’

पाठवलं, आणि त्याला एकदम हुरूप आला. जेवताना तो आपण होऊन बोलायला लागला. “ती ऐकायची नाही बघ. आकाशपाताळ एक करेल. म्हणेल, डबा विकणाऱ्यांना सांग बदलायला. म्हणेल, तू नीट वाचलंच नाहीस.” दोन घास खाऊन पुन्हा म्हणाला, “मीही मग सोडणार नाही. मुद्दे आहेत माझ्याकडे.” मेहुण्यांनी बायकोकडं बघितलं. बायकोनं त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. बंधुराजांना इतकं बोलताना घरानं बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

सकाळी दाढी करताना मोबाइल वाजला. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्यानं वाचलं.

‘अरे! अजून आठच? मला वाटलं होतं मी गेले त्या दिवशीच बदलला असशील. नऊच बरोबर. तेव्हाही मला ते कळत होतं. तू जरा जोर लावला असतास तर तेव्हाच बदलला असता. खुशाल बदल. मी मजेत. तू?’

त्यानं दुसऱ्यांदा वाचलं. मग साबण वाळून गाल ताणायला लागला तेव्हा उरलेली दाढी केली. बहीण चहा घेऊन वर आली. तिनं नुसता हात पुढे केला. त्यानं मोबाइल दिला. बहिणीनं वाचलं, चष्मा लावून परत वाचलं, आणि मोबाइल पालथा करून खिडकीत ठेवला.

“भांडली नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“एकसुद्धा मुद्दा काढला नाही तिनं.”

बहीण खाटेच्या कडेला बसली. या माणसाची खिल्ली उडवण्यात तिची हयात गेली होती. त्या सकाळी ती “चहा घे,” एवढंच म्हणाली. त्यानं घेतला.

जिन्यातलं “एवढंच?” त्याला त्या चहाबरोबर पहिल्यांदा ऐकू आलं. म्हणजे ऐकलं तेव्हाही होतं. पण इतकी वर्षं तो त्याला नऊ नंबरबद्दलचा प्रश्न समजत आला होता.

ऑफिसात जाऊन त्यानं दारावरचा पहारेकरी काढून टाकला. मग मूळ जागा उघडली. आठचा आकडा खोडला, नऊ लिहिला. कंपायलरला नवी ताकीद दिली: नऊला हात लावायचा नाही. सगळं पुन्हा उतरवायला लावलं. एक चहा संपायच्या आत झालं. फोड्यानं कार्ड फ्रिजमध्ये घातलं, वीज दिली, काढली, पुन्हा दिली. दर वेळी पिवळा लागला. “दही पण जमलंय,” फोड्या म्हणाला, आणि याचा चेहरा बघून गुपचूप आपल्या टेबलाशी गेला.

काम तिथं संपलं होतं. पण कोंबड्यानं कंपायलरनं उतरवलेला मजकूर उघडला आणि आठ नंबर शोधला. कप्पा मोकळा सुटल्या क्षणी कंपायलरनं तो कामाला लावला होता. त्याचं काय चुकलं? रिकामा कप्पा दिसला, वापरला. एका ठिकाणी आठ नंबरमध्ये दिव्यांची मोजणी चालली होती. दुसरीकडं कुठलंसं अक्षर घडीभर ठेवून उचललं होतं. तिसरीकडं शून्य टाकलं होतं, आणि लगेच त्यावर दुसरं काही. कुणीही यावं, ठेवावं, न्यावं. तो पानामागून पान खाली सरकवत गेला. जिथं जिथं आठ दिसला तिथं थांबला. साहेब मागून येऊन म्हणाले, “आता काय शोधतोयस? चाललं ना?”

“चाललं साहेब. बघतोय, एक कप्पा वाढलाय. प्रोग्रॅम थोडा लहान झाला.”

“मग चांगलंच की.”

“चांगलंच आहे,” तो म्हणाला.

दुपारी त्यानं मोबाइल घेतला. तिनं शेवटी विचारलं होतं, तू? या एका अक्षरापुढं तो पुष्कळ वेळ बसला. ‘मीही मजेत’ लिहिलं, खोडलं. ‘जोर लावायला हवा होता’ लिहिलं. ते खोडायला बोट गेलं, आणि राहिलं. त्याखाली ‘बदलला’ असं लिहून त्यानं पाठवून दिलं. पलीकडं तेव्हा रात्र होती. उत्तर यायला सकाळ उजाडावी लागणार होती, आणि आलं तरी ते काय असणार, हे या खेपेला त्याला आधीच ठाऊक होतं.

संध्याकाळी घरी जाताना त्याच्या चौकात कंपनीचाच फिटर पेटी उघडून बसला होता. साहेबांनी दुपारीच नऊ नंबरचा प्रोग्रॅम भरून कार्डं धाडली होती. जुनी काढून नवी बसवायचं काम सुरू झालं होतं, आणि योगायोगानं आज हा चौक.

“साहेब, तुम्हीच का?” फिटर म्हणाला. “बंद करतोय, सांभाळून.”

“जरा थांबतोस?” कोंबडा म्हणाला. “एकदा जुन्यालाच बंद करून चालू कर.”

“कशाला? काही बिघाड आहे?”

“नाही. बघायचंय.”

फिटरनं खांदे उडवले आणि खटका ओढला. चारी बाजूंचे दिवे विझले. गाड्या गोंधळल्या, पुढं आल्या, अडकल्या. फिटरनं खटका वर केला. एक श्वास जाईल एवढा वेळ काही नाही. तेवढ्या वेळात आत मूठ मिटली असणार. मग पिवळा लागला. विझला. लागला.

“झालं बघून?”

“झालं.”

जुनं कार्ड निघालं, नवं बसलं, खटका पुन्हा वर गेला. पिवळा लागला. विझला. लागला. अगदी तसाच. काडीचा फरक नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं. मोठा प्रोग्रॅम जागा झाला, समोर लाल आला, मग चालणाऱ्यांसाठी हिरवा. लोक त्याच्या दोन्ही बाजूंनी रस्ता ओलांडून गेले. तो उभाच होता.

मोबाइल वाजला. त्यानं इतक्या घाईनं काढला की पडता पडता वाचला. बहीण होती.

“येताना दूध आण. आणि ऐक, उशीर झाला तरी चालेल. सावकाश ये.”

“हो,” तो म्हणाला.

हिरवा जाऊन पुन्हा लाल लागला होता. तो पुढच्या हिरव्याची वाट बघत तिथंच थांबला.